मधल्या सीटवर भावकी, मागच्या सीटवर सासुरवाडी

बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांत मिळून आमच्या थोरल्या दिरांइतका कायद्याला भिणारा माणूस झाला नाही, आणि कायद्याच्या भीतीनं त्यांच्याइतकं खोटं बोलणाराही झाला नाही. बाकीच्या माणसांचं सोपं असतं. त्यांनी काहीतरी केलेलं असतं, म्हणून ती खोटं बोलतात. थोरल्यांनी काहीच केलेलं नसायचं. तरी दर बाजाराच्या दिवशी सात-आठ माणसांना पढवून, तयार करून, गाडीत बसवून ते खोटं बोलायला घराबाहेर पडत. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. पंधरा वर्षांत त्यांच्यासमोर मी मोठ्यानं खोकलेसुद्धा नव्हते. बोलायचं नसलं की बघायला पुष्कळ वेळ मिळतो, म्हणून हे लिहिता येतंय.

आमच्या सासऱ्यांची मेंढरं होती आणि थोरल्यांचं लहानपण मेंढरांच्या मागं रानोमाळ गेलं. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, जळोचीच्या रानात ऊस आणि पेरू झाले, मेंढरं विकली गेली. पण थोरल्यांच्या अंगातला मेंढका काही गेला नाही. रस्त्यानं कुणी एकटं चाललेलं दिसलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. सायकल होती तेव्हा मागं एकच माणूस बसायचं, म्हणून एकाला पोचवून दुसऱ्याला आणायला परत जायचे. एकदा सासूबाईंचं औषध आणायला बारामतीला गेले ते चार अनोळखी माणसांना घरोघर पोचवून दिवेलागणीला परत आले, औषध विसरून. सासूबाई रागावल्या तर म्हणाले, "मागं राह्यलेलं मेंढरू लांडग्याचं असतं, आये." औषधाचं काही बोललेच नाहीत.

पंच्याण्णवच्या आसपास उसाचं बिल चांगलं आलं आणि त्यांनी बारामतीच्या एका डॉक्टरांची वापरलेली पांढरी व्हॅन घेतली. काचेवरची लाल फुली खरवडून निघेना. त्यामुळे पहिले काही महिने लोक गाडीला हात करायचे ते इंजेक्शनसाठी. अंथुर्ण्याच्या फाट्यावर एका म्हातारीनं खिडकीतून जीभ काढून दाखवली. थोरल्यांनी नीट वाकून बघितली आणि म्हणाले, "जीभ बरी हाय. बसा, कुठं जायाचं?"

सगळा घोळ गाडीचे कागद करणाऱ्या एजंटानं केला. त्यानं सांगितलं, "आबा, ही घरच्या वापराची गाडी. नंबराची पाटी काळी, टॅक्स एकदा भरला की झालं. परकी माणसं बसवलीत की धंद्याची गाडी झाली. मग पांढरी पाटी, परमिट, दर वर्षाला पासिंग आन दर वर्षाला टॅक्स." पाट्यांचे रंग तेव्हा असेच असायचे. त्याला म्हणायचं होतं की भाडं घेऊन परकी माणसं बसवू नका. पण भाडं हा शब्द त्याच्या बोलण्यात राहून गेला आणि थोरल्यांच्या डोक्यात तर तो कधी शिरलाच नसता. माणसाला गाडीत घ्यायचं आणि वर त्याच्याकडून पैसे घ्यायचे, हे त्यांना सुचणारच नव्हतं. "मेंढराकडनं कुणी भाडं घेतं का?" एवढंच ते म्हणाले असते. त्यांनी एजंटाचं बोलणं शब्दाला शब्द धरलं. परकं माणूस बसवायचं नाही. आणि रस्त्यात उभ्या माणसाला सोडून पुढं जाणं तर त्यांना जमत नव्हतं. राहिला एकच मार्ग. जे माणूस बसेल त्याला घरचं करून घ्यायचं.

म्हणून गाडीत त्यांनी नाती ठरवून दिली. मधल्या सीटवर बसेल तो भावकीतला, मागच्या सीटवर बसेल तो सासुरवाडीचा. दार उघडून आधी पढवायचे, मग आत घ्यायचे. "तुमी माजं चुलतं. काय?" "चुलतं." "आन ही तुमची सून. म्हंजी माजी कोण?" लोक चक्रावून जात. एक बाई निम्म्यातच म्हणाली, "आबा, त्यापरीस मी चालत जाते." तिला बळंच बसवून आत्या केलं. नेहमीची माणसं मात्र तयार झाली होती. बांगड्यांची पेटी घेऊन इंदापूरच्या बाजाराला जाणाऱ्या हौसाबाई कासारीण थोरल्यांच्या बहीण झाल्या. सणसरचे एक तात्या होते, मूलबाळ नसलेले, गुडघ्यानं अधू. ते मागं बसत, म्हणून ते सासरे. आमच्या थोरल्या जाऊबाई पुढच्या सीटवर बसून हे सगळं ऐकायच्या. तात्यांना सासरा केल्याचं त्यांना विशेष लागायचं. "माजा बा चांगला सहा फूट उंच हुता," त्या खिडकीकडं बघून म्हणायच्या. माझी तर वेगळीच गत. खरी भावकी सगळ्या गाडीत मी एकटी. पण दिरांपासून लांब बसायचं म्हणून मी मागच्या कोपऱ्यात, म्हणजे सासुरवाडीत.

मालाच्या बाबतीत तर विचारूच नका. माल वाहिला की धंदा, हे त्यांनी स्वतःचं स्वतःच जोडून घेतलं होतं. आमचे पेरू इंदापूरला जायचे ते दुसऱ्याच्या टेंपोतून, भाडं देऊन. टेंपोच्या मागं आमची व्हॅन. पेरू पैसे देऊन पुढं, माणसं फुकट मागं. जाऊबाई म्हणायच्या, "अवो, माणसं टेंपोत घाला आन पेरू हितं बसवा. पेरवांना नाती तरी शिकवाय लागणार न्हाईत." थोरले गंभीरपणे म्हणाले, "पेरू चौकशीला टिकायचं न्हाईत."

आणि मोजणी. गाडी कुठंही थांबली, कुणी पाणी प्यायला उतरलं, की निघण्यापूर्वी ते दाराशी उभं राहून बोट दाखवत माणसं मोजायचे. मेंढक्याचीच सवय. फक्त भावजयीकडं बघायचं नाही, म्हणून माझ्या कोपऱ्यापाशी आलं की मान रस्त्याकडं वळायची. "पाच, सहा, सात," आणि मग रस्त्याला सांगितल्यासारखं, "आन एक." तो एक म्हणजे मी.

असे दोन उन्हाळे गेले. मग एका बाजाराच्या दिवशी निमगावच्या अलीकडं झाडाखाली तपासणीची जीप उभी दिसली. थोरल्यांनी गाडी हळू केली आणि मागं न बघता म्हणाले, "नाती आठवा."

साहेब तरुण होते, शहरातले. सगळ्यांना खाली उतरवलं. कागद बघितले, काळी पाटी बघितली, आमची रांग बघितली.

"गाडी घरची?"

"व्हय साहेब."

"आणि ही सगळी?"

"समदी घरचीच."

साहेब हौसाबाईंकडं वळले. "तुम्ही कोण?"

"मी भैन ह्येची. सख्खी." त्यांना नुसती बहीण शिकवली होती, सख्खी त्यांनी आपल्या मनानं घातलं. थोरल्यांचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं.

"तुम्ही, बाबा?"

"मी सासरा," तात्या म्हणाले, आणि काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभे राहिले.

साहेबांनी जाऊबाईंना विचारलं, "हे तुमचे वडील?"

जाऊबाईंनी एवढी वर्षं सोसलं, पण तिथं त्यांचा धीर सुटला. "माजा बा कवाच वारला, साहेब. ह्ये ह्यांनी बशिवल्यालं हायेत."

तात्यांनी खाली बघितलं. साहेबांनी वही उघडली. "मालकाचं नाव सांगा, बाई. तुमच्या नवऱ्याचं." नवऱ्याचं नाव असं उघडं कसं घ्यायचं? जाऊबाईंनी पदर सावरला आणि भर रस्त्यात उखाणा घेतला. "इंदापूरच्या बाजारात पेरूची पाटी," आणि पुढं थोरल्यांचं नाव, "रावांचं नाव घेते साहेबांच्यासाठी." एका शिपायानं टाळी वाजवली. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, तसे त्यानं हात मागं बांधले.

मग माझी पाळी आली. "तुम्ही कोण? गाडीवाल्याचं नाव काय?"

थोरले दोन हातांच्या अंतरावर उभे. मी त्यांचं नाव कधी मनातसुद्धा घेतलं नव्हतं. नवऱ्यासाठी उखाणा असतो, दिरासाठी कुणी केलेलाच नाही. मी पदर पुढं ओढला आणि रस्त्यावरची खडी बघत राहिले.

"नाव माहीत नाही ना?" साहेब म्हणाले. "मग झालं तर. ही बाई खरी. भाडं देऊन बसलेली. बाकी सगळी पढवलेली." आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता थोरल्यांना सांगत होते की ही धंद्याची गाडी, हिला पांढरी पाटी लावायची, परमिट काढायचं, दर वर्षी टॅक्स भरायचा.

"दर वर्साला कुठनं आणू, साहेब?"

"लोकांकडून भाडं घेता, त्यातून."

थोरल्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. ते हळूच म्हणाले, "त्यापरीस गाडी इकतो मी." मग जाऊबाईंना, माझ्याकडं न बघता, "तिला सांग, बोल म्हणावं."

"ती कशी बोलंल? तुमच्या म्होरं आजवर खोकली न्हाय ती!"

मला कुठून बळ आलं माहीत नाही. मी जाऊबाईंच्या दंडाला हात लावला आणि हवेत बोटानं लिहून दाखवलं.

"लिहिती म्हंती ती," जाऊबाई ओरडल्या. "चौथी पास हाय, साहेब!"

साहेबांनी कागद दिला, पेन दिलं. हौसाबाईंनी बांगड्यांची पेटी पुढं केली, तिच्यावर कागद ठेवून मी लिहिलं. पहिल्यांदा थोरल्यांचं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट. लिहिताना ओठ मिटून घेतले होते. मग लिहिलं, हे माझे थोरले दीर आहेत. तिथं थांबायला हवं होतं. पण शाळा सुटल्यापासून कुणी मला काही लिहायला सांगितलं नव्हतं. हात थांबेना. अक्षर चौथीतलंच होतं, त्यात काही वाढ झाली नव्हती. कागद भरला तेव्हा साहेबांनी घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"हे माझे थोरले दीर आहेत. मी त्यांचे नाव घेत नाही. त्यांच्या मंडळी, म्हणजे माझ्या जाऊबाई, व मी सोडून बाकी कोणी नात्यातले नाहीत. नाती त्यांनी शिकवली आहेत. ते पैसे घेत नाहीत. कोणी दिले तर गाडी थांबवून रागावतात. मागच्या बाजारी हौसाबाईंनी भोपळा दिला तो मात्र घेतला. आम्ही तो खाल्ला. रस्त्यात माणूस उभे दिसले तर त्यांना पुढे जाता येत नाही. लहानपणी मेंढरे राखली म्हणून असेल. गाडी विकली तर ते चालत जातील आणि लोकांना घेऊनच जातील."

पंधरा वर्षांत माझं बोलणं थोरल्यांच्या कानावर पडलं ते असं, साहेबांच्या आवाजात.

साहेबांनी कागद खाली केला. "पैसे घेत नाही तुम्ही?"

"न्हाय. भोपळा घेतला, ते चुकलं. दुसरा आणून देतो."

"मग नाती कशाला सांगता खोटी?"

"परकं माणूस बसवायचं न्हाय, असा कायदा हाय न्हवं?"

साहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. "भाडं घेतलं तर धंदा, आबा. फुकट कुणालाही न्या." मग टोपी परत घालत म्हणाले, "भाडं घेऊन फुकट नेतो म्हणणारे मला रोज भेटतात. फुकट नेऊन खोटं बोलणारा तुमच्यासारखा आजच भेटला." आधीचं लिहिलेलं त्यांनी फाडलं. माझा कागद मात्र घडी करून आपल्या वहीत ठेवला. थोरल्यांनी दाराशी उभं राहून माणसं मोजली, "सात, आन एक," आणि गाडी निघाली. निमगाव आलं. मग तात्या मागून म्हणाले, "मंग आता मी कोण?"

थोरल्यांनी आरशात बघितलं. "सासरंच ऱ्हावा. आता बदलायला नगं."

खरं तर त्या दिवसानंतर नात्यांची गरज उरली नव्हती. पण नाती कुणी उतरवून ठेवली नाहीत. हौसाबाई राखीला घरी यायला लागल्या. पुढं धोंड्याचा महिना आला तेव्हा तात्यांनी रीतसर निरोप धाडला, जावयाला जेवायला बोलावलं. पुरणाचे धोंडे केले, थोरल्यांना टोपी दिली, जाऊबाईंना लुगडं. जाऊबाई जाताना कुरकुरत गेल्या आणि येताना डोळे पुसत आल्या. म्हणाल्या, "उंचीनं कमी हाय, बाकी बरा हाय बा." मला काय मिळालं तर, एक दिवस माझ्या उंबऱ्यावर शंभर पानी वही आणि पेन ठेवलेलं दिसलं. थोरले अंगणातल्या लिंबाला सांगत होते, "लिहून ठिवत जावं. साहेब कवा काय इचारील, सांगता येत न्हाय." हे त्याच वहीत लिहितेय. नाव मात्र इथंही लिहिणार नाही. ते एकदाच लिहिलं.

आता ती व्हॅन नाही. इंजिन गेलं, पत्रा गेला, शेवटी भंगारात दिली. थोरल्यांचे पायही आता म्हणावे तसे चालत नाहीत. तरी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते काठी घेऊन फाट्यावर जाऊन बसतात. इंदापूरची एसटी थांबली की उतरणारी माणसं बोटानं मोजतात. कंडक्टरला वाटतं, म्हातारं भ्रमिष्ट आहे. मी बाजाराची पिशवी घेऊन सगळ्यांच्या मागून उतरते. बोट माझ्यापर्यंत येत नाही, मान पलीकडच्या उसाकडं वळते. "चार, पाच, सहा." एसटी निघून जाते, धुरळा बसतो. "आन एक," ते उसाला सांगतात, आणि मग काठी टेकून घरी जायला उठतात.