रत्नाअक्कांचा इन्फ्रारेड कॅमेरा

रत्नाअक्का आज सकाळी गेल्या, आणि मला अजून फोनची धास्ती वाटतेय.

गेले काही आठवडे तो वाजला की आधी नाव बघायचे, मग उचलायचे. आता ती बातमी येऊन गेली. तरी वाजला की आधी नावच बघते.

अक्का आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहायच्या. रिटायर्ड फिजिक्स लेक्चरर. सोबत धाकटे भाऊ, मोहनअण्णा. घर मराठी, पण कितीतरी पिढ्या बेंगळुरूतच गेलेल्या. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली.

"तुझं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं आहे गं," म्हणायच्या.

अक्कांना इन्फ्रारेड फोटोग्राफीचं वेड होतं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यात पकडायचा. त्यात हिरवी पानं पांढरी येतात, निळं आकाश काळं.

लेन्सवर गडद फिल्टर, कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि एकेका फोटोसाठी कितीतरी सेकंद शटर उघडं. अशी त्यांची पद्धत.

मग पार्किन्सन्स आला.

ट्रायपॉडचे स्क्रू आवळता येईनात. हातात धरून काढलेला प्रत्येक फोटो हललेला. अक्का एकेक डिलीट करत बसायच्या.

एक दिवस म्हणाल्या, "कॅमेराच कन्व्हर्ट करते."

म्हणजे काय, तर डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर एक पातळ काच असते, ती इन्फ्रारेड अडवते. ती काढायची आणि तिथे फक्त इन्फ्रारेड आत सोडणारी काळी काच बसवायची. मग शटर एका क्षणात मिटतं. ट्रायपॉड लागत नाही. हात थोडा हलला तरी चालतं.

"कुणाकडून तरी करून घेऊ ना."

"विचारलं. मॉडेल जुनं आहे म्हणून नाही म्हणाले. मीच करते."

"अक्का, पण तुमचे हात..."

"हात ऐकतायत तोवरच करायला हवं ना?"

मोहनअण्णा आतून ओरडले, "बिडू अक्का, सोड ते! एकच कॅमेरा आहे, तोही जाईल!"

पण अक्कांनी काळी काच आधीच मागवलेली होती.

तो शनिवार मी विसरणार नाही. पंखा बंद, धूळ नको म्हणून टेबल ओल्या फडक्यानं पुसलेलं. अक्कांनी गोळी घेतली. ती चढली की काही वेळ हात शांत व्हायचे, तेवढ्यात सगळं उरकायचं. आम्ही दोघी त्यांच्या बोटांकडे बघत बसलो.

बोटं थांबली. "हं. टॉर्च धर."

सगळ्यात भीती फ्लॅशच्या कपॅसिटरची. बॅटरी काढली तरी त्यात चार्ज राहतो, हात लागला तर जबरदस्त झटका बसतो. अक्कांनी आधी तो रिकामा केला. टॉर्च माझ्याच हातात थरथरत होता.

"अगं, पार्किन्सन्स मला आहे की तुला?"

स्क्रू निघाले. रिबन केबल्स निघाल्या. सेन्सर उघडा झाला. जुनी काच अलगद सुटली.

आणि त्यांचा अंगठा हलायला लागला.

अंगठ्यामागून सगळा हातच. अक्कांनी चिमटा खाली ठेवला. दुसऱ्या हातानं मनगट धरून बघितलं. थांबेना.

"आता तू."

"मला नाही जमणार. मोडेल माझ्याकडून."

"मोडलं तर मोडलं. सेन्सर उघडा आहे, धूळ बसेल. उचल."

मोहनअण्णा दारात उभे होते. ते तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले.

मी चिमट्यानं काळी काच उचलली. अक्का कानाशी हळू सांगत होत्या. "कडेला धर. बोट नको लावू. स्वल्प डावीकडे... सरी, बरोबर. सोड."

सगळं बंद करून बॅटरी घातली. कॅमेरा सुरू झाला नाही.

पुन्हा बटण दाबलं. काहीच नाही.

मला रडू फुटलं. अक्का म्हणाल्या, "कुठलीतरी केबल नीट बसली नसेल. उद्या उघडू."

रविवारी पुन्हा गोळी, पुन्हा वाट बघणं, पुन्हा तो कपॅसिटर. एक केबल खरंच तिरकी बसली होती. या वेळी ती अक्कांनीच सरळ केली.

स्क्रीन लागला. खिडकीबाहेर रोखून पहिला फोटो काढला. नुसता लालभडक.

"बिघडला?" मोहनअण्णांनी विचारलं.

"लालच येणार. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते, गवत दाखवून ठरवायचं." अक्का हसत होत्या.

पुढच्या रविवारी टॅक्सी करून शहराबाहेर, आनेकलकडच्या एका तळ्यावर गेलो. भर दुपारी, कारण इन्फ्रारेडला कडक ऊन लागतं. बांध अरुंद. अक्का स्क्रीनकडे बघत चालायच्या आणि मी मागून त्यांचा पदर घट्ट धरून.

मध्येच त्यांचे पाय जागच्या जागी अडकले. या आजारात असं होतं. एका बाजूला पाणी. मी घामाघूम.

"ओढू नकोस, पडेन. तुझं पाऊल माझ्या पुढ्यात आडवं ठेव."

ठेवलं. ते ओलांडायचं म्हणून त्यांचा पाय उचलला गेला. मग दुसरा.

"बघ, निघाले," म्हणाल्या, आणि लगेच कॅमेरा डोळ्याला लावला.

होंगेची, म्हणजे करंजाची झाडं पांढरीशुभ्र, पाणी काळंभोर. फोटो स्वच्छ. कुठे काही हललेलं नाही. अक्का कितीतरी वेळ एकच फोटो झूम करून बघत होत्या. पान न् पान मोजता येत होतं.

"मी काढला हा," म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःलाच.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्या फोटो काढत होत्या. गल्लीतले, गच्चीवरचे. मग गिळणं अवघड झालं, मग न्यूमोनिया, मग हॉस्पिटल.

आज मोहनअण्णांचा फोन आला. "अक्का गेली गं. तू ये." एवढंच.

दुपारी सगळं आटोपल्यावर ते म्हणाले, "फोटो कुठला लावू? तिचे स्वतःचे फोटो नाहीतच. सगळी झाडंच."

मी म्हटलं, "झाडच लावा."

त्यांनी तळ्याकाठचं झाड लावलंय. येणारे विचारतायत, हे काय? आणि मोहनअण्णा प्रत्येकाला इन्फ्रारेड समजावून सांगतायत. बरंचसं चुकीचं.

अक्का, तुमच्यासोबत मी कायम घाबरलेलीच असायचे. तरी तुम्ही दर वेळी मला सोबत नेलंत.

नमस्कार करते, अक्का.