सर्व्हेला लागलेला चकवा

या सदरातले अनुभव मी हसायला वाचते, हे आधीच सांगून टाकते. पांढरी साडी, पैंजणं, मागून आलेली हाक... मला दर वेळी वाटायचं, या लोकांचं हिमोग्लोबिन कोणीतरी तपासा रे. मी लॅब टेक्निशियन आहे, मोहाडीची. घरी हातमाग. एक धागा चुकला तर बाबांना खोलीच्या दारातून दिसतो, अशा घरात वाढलेय. आणि आज मीच इथे लिहायला बसलेय. हसा आता.

काम असं होतं — देशात हिपॅटायटिस सी किती लोकांना आहे, याचा अंदाज काढायचा. हा लिव्हरचा आजार. वर्षानुवर्षं अंगात मुक्काम ठोकतो आणि माणसाला पत्ता नसतो. आता अख्ख्या देशाच्या बोटाला सुई टोचता येत नाही, म्हणून हातातला टॅबलेट चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडतो. निवडलेल्याच घरी जायचं. शेजारीण कितीही गोड बोलली तरी तिला घ्यायचं नाही, नाहीतर आमच्या नागपूरच्या सरांच्या भाषेत ‘बायस’ येतो. सर हा शब्द असा उच्चारायचे, जणू कोणी चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात शिरलंय.

पवनी तालुक्यात कोंढ्याच्या पुढे एक मोठा तलाव आहे. त्याच्या पाळीवर, बांधावर म्हणा, ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची वस्ती. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल. वस्तीला गल्ली एकच, पाळीवरून सरळ जाणारी. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला घरं. फाटा नाही, वळण नाही. शेवटी मारुतीचं देऊळ, त्याचा झेंडा पहिल्या घरापासून दिसतो.

मी आणि ड्रायव्हर ईश्वरभाऊ सकाळी पोचलो, तर वस्तीत एकही पुरुष नाही! निळ्या दाराच्या घरासमोर एक बाई जाळं वाळत घालत होती. हिराबाई. खरं नाव वेगळं. पन्नाशीच्या पुढची, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा.

"माणसं कुठे गेली, मावशी?" मी विचारलं.

"तुमी हाफ टाईट तपासून राहिल्या न बाई? मंग कसे सापडतीन? सारे डोंगे घेऊन पान्यात गेले."

मला कळायला वेळ लागला. आदल्या दिवशी दवंडी दिलेल्याने ‘हेपाटायटिस’चं ‘हाफ टाईट’ केलं होतं. आणि आमच्याकडे टाईट म्हणजे काय, ते सांगायला नको. तलावाच्या मधोमध डोंग्यांची रांग, त्यात फुल टाईटवाले सगळ्यात लांब. ईश्वरभाऊ काठावरून ओरडला, "अबे, दारूचं नाई! लिव्हर तपासाचं हाय!" लिव्हर ऐकून डोंगे आणखी लांब गेले.

हिराबाईचं घर निवडीत नव्हतं. याचा तिला भयंकर राग आला. शेजारच्या घरात मी रक्त घेत होते तर ही दारात उभी. "तिले घेतलं, मले काहून नाई? म्या काय केलं त्या कम्प्युटरचं?"

"मावशी, ते नशिबावर असतं."

दुपारपर्यंत निवडलेल्या घरांतल्या बायकांचं रक्त घेऊन झालं; पुरुषांना संध्याकाळी डोंगे परतल्यावर गाठायचं होतं. घर राहिलं एकच, देवळामागचं. ते सुटलं तर वस्तीचं सगळं काम फुकट, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट तसंही शेवटच्या महिन्यात होतं. आम्ही झेंड्याकडे बघत निघालो. टळटळीत ऊन. चाललो, चाललो... आणि समोर निळं दार, वाळत घातलेलं जाळं, हिराबाई.

"काही इसरल्या का बाई?"

मला वाटलं, बोलता बोलता उलटे फिरलो. पुन्हा निघालो. या वेळी मी झेंड्यावरची नजर काढली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी नाही. फक्त एकदा शिंकले. शिंकून वर पाहिलं तर निळं दार.

"म्याडम," ईश्वरभाऊ हळूच म्हणाला, "चकवा लागला."

"भरदुपारी? जंगलात लागतो चकवा, सर्व्हेला नाही लागत!"

तरी चकवा उतरावा म्हणून त्याने माझ्या चपला उलटसुलट घालायला लावल्या. डावी उजव्यात, उजवी डाव्यात. बीएस्सी, डीएमएलटी झालेली मी बदकासारखी चालत तिसऱ्यांदा निघाले आणि तिसऱ्यांदा तिथेच आले. तेव्हा मी पहिल्यांदा तलावाकडे पाहिलं. मागे फिरून आलो असतो तर तलाव उजव्या हाताला यायला हवा होता. तो डावीकडेच होता. आम्ही कुठेही वळलो नव्हतो.

हिराबाईने तोवर चहा ठेवला होता. मी सरांना फोन लावला. चकव्याचं नाव न घेता विचारलं, बाहेरची एक बाई घेऊ का?

"अजिबात नाही. बायस येईल! रँडम म्हणजे रँडम."

फोन स्पीकरवर होता. हिराबाई कप पुढे करत म्हणाली, "थो मानूस नशिबाचंच बोलून राहिला न? मंग नशीबच तीन खेपा आनून राहिलं तुमाले माह्या दारात. आनखी कसं सांगाव लागते त्यानं?"

सर म्हणाले, "जास्तीचं किट असेल तर तपासा. पण टॅबलेटमध्ये भरायचं नाही."

जास्तीचं किट एकच होतं. खरं सांगते, मी ते काळजीने नाही काढलं. मला तिथून सुटायचं होतं. हिराबाईने बोट असं ऐटीत पुढे केलं, जणू अंगठी घालून घ्यायची आहे. थेंब टाकला. एक रेघ आली. मग, चहा संपायच्या आत, दुसरी.

दोन रेघा म्हणजे आजार आहे, हे तिला माहीत नव्हतं. "दोन आल्या म्हंजे पास न बाई?" म्हणून ती हसली. मी कप खाली ठेवला आणि कधी रक्त चढवलंय का, ते विचारलं. खूप वर्षांपूर्वी धाकट्या मुलाच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं. तेव्हाचंच असावं, नक्की सांगता येत नाही. "त्रास तं काईच नाई मले," ती म्हणत राहिली. मी तिचा हात धरून समजावलं की पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, पण गोळ्यांनी हा बरा होतो. ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली, "पोराले सांगू नोका आत्ताच."

त्यानंतर निघालो आणि थेट देवळामागच्या घरी पोचलो. चपला तशाच उलट्या होत्या.

तीन महिने गोळ्या घेऊन हिराबाई बरी झाली. शेवटची तपासणी स्वच्छ आल्यावर मी मुद्दाम सांगायला गेले, तर तिचा पहिला प्रश्न, "मंग मोजलं का मले देशात?"

"नाही मावशी. तुमच्या वस्तीत एकही सापडला नाही, असंच गेलंय वर."

"अवो, गोळ्या म्या खाल्ल्या, तोंड माह्यं कडू झालं, अन् मोजलं त्या शेजारनीले? तिले तं काई झालंच नोतं!" तिचा संताप सगळ्या पाळीवर ऐकू गेला.

सरांना मी अखेर चकव्याचं सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी ऊन, डिहायड्रेशन, थकवा अशी कारणं दिली. पाणी डावीकडेच कसं राहिलं, हे विचारल्यावर त्यांनी विषय पुढच्या सर्व्हेकडे वळवला. याचं कारण कोणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा.

पण मला आता त्या दुपारची भीती वाटत नाही. त्या सर्व्हेत मी कितीतरी गावं फिरले. सिहोऱ्याकडची, तुमसरकडची... सगळीकडे रस्ते सरळ होते, कोणी परत फिरवलं नाही. निवडलेली घरं केली, बाकीच्या दारांसमोरून हसून पुढे गेले, आणि वेळेत घरी पोचले. रात्री झोप उडते ती त्या दारांच्या आठवणीने.