बंद पडणारा कॉम्प्युटर आणि बाबा

मी भोकरला घरातच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. गेल्या उन्हाळ्यात बिलोलीच्या एका लग्नाची फिल्म जोडून झाली, पण तिची शेवटची फाइल तयार करताना कॉम्प्युटर दर वेळी अर्ध्यातच बंद पडायचा. नांदेडच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "नवीनच घ्या."

माझे बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी कॅबिनेटला हात लावून पाहिला.

"गरम होऊन बंद पडून राहिलंय, बाई. खोल."

"बाबा, हे इंजिन न्हाई."

"गरम व्हायला इंजिनच लागतंय व्हय?"

मी खोललं. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीचा जाड थर होता, खालची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून गेली होती. बाबांनी ब्रशनं पंखा साफ केला, नवी पेस्ट मी लावली. या वेळी फाइल पूर्ण झाली.

बाबांनी अख्खी फिल्म बसून पाहिली. माझं काम ते पहिल्यांदाच असं पाहत होते.

"हे समदं तू जोडलंस?"

"हाव."

फिल्म द्यायला ते माझ्यासोबत बिलोलीला आले आणि मी बोलायच्या आत नवरीच्या वडिलांना म्हणाले, "माझ्या लेकीनं केलंय."