सुमेधावहिनी आणि मागची खोली

आमच्या गल्लीत सुमेधावहिनीला पाठीमागं इन्स्पेक्टरीण म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. ती माझ्या थोरल्या भावाची, भारतदादाची बायको. जालना एमआयडीसीत बियाण्याच्या एका कारखान्यात कामाला आहे, आणि मी तिथून जवळच एका रोलिंग मिलमध्ये. मी लोखंड सरळ करतो आणि ती माणसं, असं मी तिला चिडवतो. ती म्हणते, लोखंड परवडलं, ते उलटून बोलत तरी नाही.

घर आमच्या बाबांनी बांधलं. बाबा, म्हणजे रामकिसन, गवंडी होते. आमच्या वस्तीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून त्यांनी आधी हौद बांधला आणि मग घर. एक भिंत वाचावी म्हणून हौदाची भिंत तीच मागच्या खोलीची भिंत केली. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला हौद दाखवायचे. पाणी आलं की तो काठोकाठ भरायचाच. अर्धा हौद म्हणजे आमच्याकडं अर्धी अब्रू.

हौदाचं पाणी भिंतीत मुरत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण चौदा एप्रिल आली की आमच्याकडं घराला रंग लागतोच. काळ्या डागांवर दरवर्षी नवा रंग बसायचा आणि पावसाळा सरेपर्यंत डाग पुन्हा वर यायचे. बाबा गेल्यावर दादानं त्या भिंतीला प्लायवूड ठोकलं. डाग दिसायचे बंद झाले आणि आम्ही सगळे सुखी झालो. दृष्टीआड सृष्टी.

त्या खोलीत माय झोपायची. माय म्हणजे आमची आई, कौसल्याबाई. दोन वर्षांत तिचा खोकला वाढत वाढत दम्यावर गेला. मागच्या पावसाळ्यात तर बसल्या बसल्या तिच्या छातीतून पिपाणीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी औषध दिलं, पंप दिला आणि विचारलं, झोपायच्या खोलीत ओल आहे का? दादा म्हणाला, न्हाई. वहिनी म्हणाली, हाय. घरी येऊन तिनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि प्लायवूडचा एक कोपरा उचकटून बघितला. आतली भिंत काळीहिरवी, मऊ, केसाळ. तिनं तो कोपरा लगेच परत दाबून बसवला आणि त्यावर चिकटपट्टी मारली. त्या दिवसापासून मायची खाट पुढच्या खोलीत आली.

मी गरम डोक्याचा माणूस. मी म्हणालो, हातोडा आणा, दुपारपर्यंत भिंत मोकळी करतो. वहिनीनं मला बसवलं. आधी हौद रिकामा होऊ दे, म्हणाली. पाणी आहे तोवर भिंत फोडून काय उपयोग? बाबांचा हौद रिकामा करायचा म्हटल्यावर दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनं त्याचा अबोला मोजलाच नाही. गच्चीवर काळी टाकी बसवून घेतली आणि हौदाचं पाणी गल्लीत बादल्या बादल्यांनी वाटून टाकलं.

मग एका रविवारी तिनं काम काढलं. तिच्या कारखान्यात बुरशी धरलेलं पोतं गोदामात उघडत नाहीत. ते ओलं करतात, बांधतात आणि बाहेर नेतात, नाहीतर धूळ उडून चांगला मालही जातो. तीच रीत तिनं घरात आणली. मागच्या खोलीचं दार प्लास्टिकनं बंद केलं, पंखा बंद, खिडकी सताड उघडी. मला आणि दादाला मास्क, चष्मे, हातमोजे चढवले. मी नवरदेवासारखा नटलोय म्हणालो, तर म्हणाली, नवरदेव कामाला लागा. प्लायवूडवर साबणाचं पाणी मारलं आणि मगच खिळे काढले. झाडू हातात घ्यायला बंदी. सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. प्लायवूडचे तुकडे, गाद्या, उशा, फुगलेला पुठ्ठा, सगळं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत दुहेरी बांधून खिडकीतूनच बाहेर. घरातून एकही पिशवी गेली नाही. पत्र्याची पेटी आणि भांडी मात्र तिनं ठेवली. धुऊन, पुसून उन्हात टाकली. गिलावा विटेपर्यंत खरवडला आणि ठणकावलं की वीट पूर्ण वाळेपर्यंत या भिंतीला कुणी रंग दाखवायचा नाही. एप्रिल आला तरी.

मी दमलो, चिडलो, दोनदा मास्क काढून फेकावासा वाटला. ती मात्र सकाळच्यासारखीच उभी होती. स्वतःच्या सासऱ्याची भिंत खरवडताना हळूच हात लावत होती, हे मला दिसलं. मला या बाईचा फार अभिमान वाटतो, हे इथंच सांगून टाकतो.

एकच वस्तू राहिली होती. मायची गोधडी. बाबांच्या सदऱ्यांची, मायनं स्वतः शिवलेली. वहिनीनं ती दोनदा उकळत्या पाण्यातून काढली होती, कडक उन्हात वाळवली होती. वरून स्वच्छ दिसायची, पण आतल्या थरांतला कुबट वास जात नव्हता आणि काळे ठिपके पुन्हा उमटत होते. ती अंगावर घेतली की मायचा दम उठायचा, तरी माय ती सोडत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा असा दम उठला तर दवाखान्यात ठेवावं लागेल. त्या सकाळी वहिनीनं गोधडी पिशवीत घालून तोंड बांधलं आणि पिशवी मायच्याच मांडीवर दिली. म्हणाली, "आत्याबाई, मी हिसकून घेणार न्हाई. फकस्त उघडू नका." माय ती पिशवी पोटाशी धरून रस्त्यापलीकडं, समोरच्या घराच्या ओट्यावर बसली. दिवसभर तिनं ती खाली ठेवली नाही.

दुपारी सोनूबाई आली. ती आमच्या गल्लीतून भंगार आणि जुने कपडे गोळा करते; तिच्या लेकीला नुकतीच मुलगी झाली होती. वहिनी तेव्हा बाहेर रस्त्यात, पिशवीचं तोंड सोडून आतल्या ओल्या गादीवर पातं चालवत होती. कारखान्यात नापास बियाणं फेकताना पोतं फाडूनच फेकतात, कुणी परत वापरू नये म्हणून. सोनूबाईला ते कुठलं माहीत? तिनं गादी मागितली, नातीच्या खाली टाकीन म्हणाली. वहिनी नाही म्हणाली आणि कापतच राहिली. आमच्याकडं मागणाऱ्याच्या समोर वापरायची वस्तू फाडणं म्हणजे मोठं पाप. सोनूबाई संतापली. गल्ली तिच्या बाजूनं झाली. खरं सांगायचं तर मलाही वहिनीचा राग आला.

वहिनीनं पातं खाली ठेवलं.

"सोनूबाई, या गादीनं आमच्या आत्याबाईचा जीव घाबरा करून टाकलाय. जे मला माझ्या घरात नको, ते तुझ्या नातीच्या अंगाखाली कसं देऊ?"

सोनूबाईला पटलं नाही. ती ओट्याकडं वळली आणि मायला म्हणाली, "माय, तुमची सून लई कडक हाय. तुमी तरी ती गोधडी द्या. लेकरू उघडं झोपून राह्यलंय."

माय मांडीवरच्या पिशवीवरून हात फिरवत राहिली. तिचा श्वास तेवढ्या अंतरावरूनही ऐकू येत होता. मला वाटलं, आता ही देणार. देण्यात तिचा हात कधी आखडला नाही. मग ती उठली, रस्ता ओलांडून वहिनीपाशी आली आणि म्हणाली, "सुमे, कात्री दे."

वहिनीनं आधी स्वतःचे हातमोजे बदलले. मायच्या तोंडाला मास्क बांधला, कानामागचे केस नीट केले, गोधडीवर पाणी शिंपडलं. मग कात्री दिली.

माय सोनूबाईला म्हणाली, "माझी छाती गेली तर गेली, म्हातारी हाय मी. लेकराच्या छातीत हे न्हाई जाऊ देणार." आणि बाबांच्या निळ्या सदऱ्यावर तिनं कात्री लावली.

ओली गोधडी कात्रीला दाद देईना. तेव्हा वहिनी खाली बसली आणि दुसरं टोक धरून तिनं ते ताणलं, कात्री सरळ चालावी म्हणून. दोघी सासूसुना रस्त्यात समोरासमोर बसून बाबांचे सदरे कापत होत्या. दिवसभर भिंतीशी झुंजलेली आमची इन्स्पेक्टरीण चष्म्याच्या आत रडत होती, आणि हातात हातमोजे असल्यामुळं तिला डोळे पुसता येत नव्हते.