भरून गेलेलं विमान

आगरदांड्याच्या जेट्टीवर, दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावून मी बसले होते, तेव्हा सुलभावहिनीचा फोन आला. "वन्सं, हे गेले," ती म्हणाली. नणंदेला अजून वन्सं म्हणणारी ती बहुधा आमच्या किनाऱ्यावरची शेवटची बाई. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "मुक्ता कुठवर आली?" मुक्ता कुठवरच आली नव्हती. आसामातल्या ज्या विमानतळावर ती नोकरी करते तिथेच, आदल्या सकाळपासून, बॅग घेऊन बाकावर बसलेली होती. ठरलं होतं ते असं, की ती मुंबईला उतरेल, गेटवेहून बोटीने मांडव्याला येईल आणि मी तिला गाडीत घालून बोर्लीला तिच्या बापापुढे, सदूदादापुढे, उभी करीन. त्यासाठीच मी आदल्या दिवशी बोर्लीहून अलिबागला माझ्या घरी आले होते. मग दादाला धाप लागल्याचं कळलं आणि मी एकटीच परत निघाले... बोट लागली, गाड्या चढल्या. पलीकडे दिघी येईपर्यंत मी काच खाली केली नाही.

सदूदादा माझा आतेभाऊ. बोर्ली पंचतनला त्यांची नारळ-सुपारीची वाडी. पण दादाचं आयुष्य गेलं मुंबईत, एका जुन्या, मोठ्या विमान कंपनीच्या हिशेब खात्यात. गरम जेवण, चादर, पुढे ऐसपैस खुर्च्या, परदेशी उड्डाणं, असा तिचा थाट. मीही पुढे त्याच धंद्यात गेले, पण एका स्वस्त विमान कंपनीत, जिथे पाणी मागितलं तरी आधी दर सांगतात. तो माझ्या कंपनीला टमटम म्हणायचा आणि मी त्याच्या कंपनीला संस्थान. दर भाऊबीजेला मी ओवाळायला बसले की ओवाळणी घालायच्या आधी विचारायचा, "काय नले, टमटमला टप बसवलं की नाही अजून?" मी म्हणायचे, "बसवू. तुमचं संस्थान खालसा झालं की तुमचाच पत्रा नेऊ." वहिनी म्हणायची, निरांजन विझतंय, आधी ओवाळा आणि मग काय ते भांडा.

विमान कंपनीत काम करणाऱ्यांच्या घरांत एक रीत असते, बाहेरच्याला ती विचित्र वाटेल. आम्ही तिकीट काढत नाही. कर्मचाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना जवळजवळ फुकट प्रवास असतो, पण तो स्टँडबाय. म्हणजे सगळे पैसे देणारे प्रवासी चढले आणि तरी सीट उरली, तर तुम्ही. तोवर काउंटरपाशी बसून राहायचं. दादाला या बसून राहण्याचा केवढा अभिमान! तिकीट काढून जाणं त्याला आपल्याच घरी जेवून पैसे देण्यासारखं वाटायचं. दिल्लीला वहिनीच्या भाच्याचं लग्न होतं, तेव्हा वहिनी पैठणी नेसून, नाकात नथ घालून विमानतळावर बसून राहिली. सकाळचं विमान गेलं, त्यानंतरचंही गेलं. पोचली तेव्हा अक्षता पडून जेवणं उरकत आली होती. माहेरच्यांनी तिला जन्मभर चिडवलं. दादा मात्र खूश. "पण मिळाली की नाही सीट? कधी ना कधी मिळतेच." आणि ते खरंही होतं. त्या काळी त्याच्या कंपनीची विमानं इतकी मोकळी जायची की स्टाफची मुलं तीन-तीन खुर्च्यांवर आडवी होऊन झोपत.

तीच तर दादाची खंत होती. नोकर म्हणून त्याला ती रिकामी सीट हवी असायची आणि हिशेबनीस म्हणून तिच्याकडे बघवायचं नाही. वाडीत शहाळं सोलता सोलता मला सांगायचा, "हे बघ, हे फोडलं की आत्ताच प्यायला हवं. सीटचं तसंच आहे गं. विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य." मी त्याला हिणवायचे. आमची विमानं सगळी एका जातीची, त्यामुळे सुटे भाग एक, वैमानिकांची शिकवणी एक. उतरलं की झाडझूड करून लगेच परत उडायचं. तुमच्यासारखा बडेजाव नाही. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "सुगीत सगळ्यांचंच बरं चालतं. कोण टिकतं ते पडत्या काळात बघू. परदेशी उड्डाणं, पुढच्या महाग खुर्च्या, मालवाहतूक, जन्मभर आमच्याचकडे येणारं गिऱ्हाईक... आमची वाडी आहे नले. सुपारी पडली तर नारळ आहे, नारळ गेला तर मिरी आहे. तुमचं एकच पीक."

पडता काळ आलाच, आणि आम्हा दोघांनाही खोटं पाडून गेला. एकमेकांच्या नाकावर टिच्चून भाडी उतरवण्याच्या नादात छोट्या कंपन्या एकेक करून बसल्या. मग तर सगळ्या जगाचीच विमानं जमिनीला खिळली आणि त्याच सुमारास वादळाने दादाची निम्मी वाडी आडवी केली. उन्मळलेल्या सुपारीच्या बुंध्यावर बसून दादा तासन् तास मोबाइलवर कंपनीच्याच बातम्या वाचायचा. मुक्ता नुकतीच त्याच्या कंपनीत लागली होती. "ही बुडाली तर पोरीचं काय गं?" असं तो मला विचारायचा, वाडीचं काय असं कधी नाही. आमचं टमटम तरलं ते बरी गंगाजळी साठवून ठेवली होती म्हणून. त्याचं संस्थान तरलं ते एका धनाढ्य उद्योगसमूहाने दुसऱ्या कंपनीशी जोडून सावरलं म्हणून. मधल्या सगळ्या गेल्या. उरल्या दोन-चार, आणि त्याही एकमेकींच्या साड्या नेसू लागल्या. आम्ही पुढे रुंद खुर्च्या बसवल्या, आणि त्यांनी बॅगेचे वेगळे पैसे लावले.

कंपन्या एक झाल्याची बातमी आली तेव्हा दादा निवृत्त होऊन बोर्लीला होता. त्याने देवापुढे नारळ फोडला आणि मला फोन लावला. रडत होता. पुढे मुक्ता कधीही फोन करो, पहिला प्रश्न ठरलेला, "लोड कसा आहे?" म्हणजे विमान किती भरलं. ती फुल म्हणाली की याचं जेवण गोड व्हायचं. मला कौतुकाने सांगायचा, "अगं, आता स्टाफला सीटच मिळत नाही!" मी म्हटलं, "मग तुम्ही जाणार कसे?" तर म्हणे, "थांबायचं. आपल्याला सवय आहे."

गेल्या दिवाळीनंतर त्याचं यकृत गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो म्हणाला, मला वाडीत न्या. माजघरात पलंग टाकला. मुक्ता येऊन जाऊन होती, मग तिला परत हजर व्हावं लागलं आणि नेमकी त्याच आठवड्यात तब्येत ढासळली. त्या सकाळी मी पलंगापाशीच होते. मुक्ताचा फोन आला, "बाबा, निघतेय. सिस्टममध्ये सीट दिसतायत, तरी सरळ तिकीट काढू का?" दादाला नीट बोलताही येत नव्हतं, पण त्याने हात हलवून फोन जवळ मागितला. "काढू नकोस. मिळेल सीट. मी काय पळून चाललोय?" मला वाटलं, ओरडावं, काढ गं पोरी... पण बाप-लेक एका बोलीत बोलत होते, आणि मी तीच बोली बोलणारी. शेवटी आम्हा तिघांनाही ते सरळच वाटलं. मी गाडी काढून अलिबागची वाट धरली.

तिकडे धुक्यात दुसऱ्या कंपनीचं विमान रद्द झालं आणि त्यातले सगळे प्रवासी मुक्ताच्या विमानावर आले. एकही सीट उरली नाही. मग ती तिकीट काढायला धावली, तर तिकीटही नाही. पूर्वी त्या मार्गावर चार-पाच कंपन्या होत्या, कुणाचं ना कुणाचं विमान मोकळं जायचंच. आता दोनच, आणि दोन्ही तुडुंब. दुपारी तिने रडत रडत बापाला सांगितलं की विमान गेलं, मला न घेता गेलं. वहिनीने फोन त्याच्या कानाला धरला होता. दादाने विचारलं, "भरलेलं गेलं ना?" ती हो म्हणाली. "मग ठीक," म्हणाला आणि डोळे मिटले. पुन्हा तो फारसा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी आगरदांड्याला पोचले, तोवर संपलं होतं.

मी जन्मभर विमानं भरावीत म्हणून आकडेमोड केली आणि त्याची भाकरी खाल्ली. धंद्याची तब्येत सुधारली, असं आता सगळे लिहितात. ते बरोबरच असेल. पण त्या दिवशी मला त्या प्रत्येक भरलेल्या खुर्चीचा संताप आला, आणि अजून येतो. तिच्यात बसलेल्या माणसाचा काय दोष? तरीही येतो.

मुक्ता सकाळपर्यंत पोचणार होती, कोलकात्याला वळसा घालून. ओटीवर माणसं जमली होती. कुणी म्हणालं, आज संध्याकाळीच उरकावं, किती थांबायचं? वाडीत कामाला येणारा पांडू अंगणातून म्हणाला, "ताई येतंय ना? मंग घाई काय न्हाय आपल्याला." आणि आतून वहिनी म्हणाली, "जन्मभर थांबतच आले ते. आजही थांबतील." सकाळी मुक्ता आली, अंगणात चप्पल काढायचीही विसरली. बापाच्या पायांवर डोकं ठेवून ती म्हणत होती, "मिळाली हो बाबा, सीट मिळाली..." मी मागल्या दाराने वाडीत गेले.

गेल्या आठवड्यात मुक्ता वहिनीला आपल्याबरोबर घेऊन गेली. दोघींची विमानाची तिकिटं तिने रीतसर काढली होती. मी त्यांना गाडीने मांडव्यापर्यंत सोडलं. बोटीचीही तिकिटं हातात होती. बोट लागली, माणसं उठली. वहिनी बाकावरून हलेना. "आई, अगं, आपलं तिकीट आहे, चल," मुक्ता म्हणाली. "असू दे. सगळ्यांना चढू दे आधी." कॉलेजची मुलं गेली, कुत्र्याला काखेत घेतलेले बंगलेवाले गेले, पाट्या घेऊन बायका गेल्या. वहिनी बाकाच्या एका कडेला, मांडीवर पिशवी घेऊन, शेजारी माणसापुरती जागा सोडून बसली होती. शेवटी फळीपाशी उभ्या असलेल्या बोटवाल्याने आमच्याकडे बघून हात केला. तशी वहिनी उठली, पदर सारखा केला आणि त्या रिकाम्या जागेकडे वळून, अगदी सवयीने म्हणाली, "चला हो, बोलावलं आपल्याला."