व्हर्नाने एकाएकी सोडलेल्या गोळ्या

व्हर्ना रंबोल्ट डॉक्टरांशी एकच खोटं बोलली, पण ते पाच वेळा बोलली.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या तिच्या गावात खेकड्यांच्या कारखान्याशिवाय दुसरं काम नव्हतं. एप्रिलमध्ये समुद्रातला बर्फ फुटला की बोटी सुटायच्या आणि जुलै संपेपर्यंत कारखाना धडधडत राहायचा. तेवढ्यात ठरलेले तास भरले, तर हिवाळाभर सरकारी भत्ता. नाही भरले तर काहीच नाही. उकडलेल्या खेकड्यांचे पाय तोडणाऱ्या बायकांच्या रांगेत व्हर्ना बावीस वर्षं उभी होती. तिचा हात असा चालायचा की नव्या पोरी आपलं काम विसरून बघत बसायच्या. पण खेकडे उकडायच्या हौदांची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली की कुणाकुणाला दमा जडतो. व्हर्नाला तो चाळिशीनंतर जडला.

दम्याचा पंप पुरेना तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. "आठवडाभरच घ्यायच्या. वारंवार घ्यायचं औषध नाही हे. यंदा आधी घेतल्यात का?"

"नाही हो, पहिल्यांदाच."

तेव्हा ते खरं होतं. दोन दिवसांत छाती अशी मोकळी झाली की जणू कुणी खिडकी उघडली. गावात डॉक्टर चार-सहा महिन्यांसाठी यायचे आणि निघून जायचे. पुढच्या चारही डॉक्टरांना ती "पहिल्यांदाच" म्हणाली, मग शहरात लेकीकडे गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरलाही. खरं सांगितलं तर तो काम सोडायला लावेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मग सासू वारली. तिच्या कपाटात संधिवातासाठी दिलेल्या त्याच गोळ्यांची भरलेली बाटली निघाली. "सासूबाईंनी शेवटी मला काहीतरी ठेवलं म्हणायचं," व्हर्ना मनाशी हसली. त्या हंगामात ती एप्रिलपासून रोज एक गोळी घेऊ लागली. नवऱ्याला, क्लेटनलाही सांगितलं नाही.

भूक अशी लागायची की ताटभर खारं मांस आणि बटाटे संपवून ती पातेलं खरवडायची. झोप उडाली. पहाटे चारला उठून ती स्वयंपाकघराची फरशी घासत बसायची. हातावर जरा काही लागलं की काळानिळा डाग. एकदा क्लेटनने चहाचा कप चुकीच्या फळीवर ठेवला, तर तिने तो भिंतीवर फेकला.

"मी काय केलं गं?" क्लेटन एवढंच म्हणाला आणि कोट घेऊन शेडमध्ये गेला. पुढचे दोन महिने तो बहुतेक शेडमध्येच बसला. ती त्याला एकदाही बोलवायला गेली नाही.

रांगेत शेजारी उभी राहणारी मडीन तर थट्टा सोडेचना. "व्हर्ना, काय खातेस काय? तोंड बघ, वाटोळा चंद्र उगवलाय!" सगळ्या हसायच्या. व्हर्नाही हसायची.

ऑगस्टमध्ये लेकीचं, ॲशलिनचं लग्न होतं. नऊ दिवस आधी व्हर्नाने निळा झगा घालून पाहिला, तर पाठीची चेन वर सरकेना.

"आई, काय करून घेतलंयस हे?" ॲशलिन म्हणाली. "फोटोत तू ओळखूसुद्धा येणार नाहीस."

पोरगी दमलेली होती, बोलून गेली. व्हर्नाने दुपारी ती बाटली चुलीत रिकामी केली. हंगाम संपला होता, वाफ नव्हती, छाती शांत होती. आता गोळ्या कशाला हव्यात?

चौथ्या दिवशी पाय ओढत चालावं लागलं. सहाव्या दिवशी अन्न नकोसं झालं, मग उलट्या. "लग्नाची दगदग," ती सगळ्यांना म्हणाली. लग्नाच्या सकाळी क्लेटनला ती न्हाणीघरात पडलेली सापडली. अंग थंडगार, बोलणं अडखळतं.

"लग्न थांबवायचं नाही," रुग्णवाहिकेत चढवताना ती पुटपुटली. "तू पोरीबरोबर जा. माझं नको बघूस."

क्लेटन तिचं ऐकून मागे राहिला. ते त्याला पुढे कधीच पचलं नाही. सोबत मडीन गेली.

दोन तासांवरच्या इस्पितळात रक्तदाब सापडत नव्हता. "काय औषधं घेते ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. तेवढा पंप," मडीन म्हणाली.

बाईंनी हातावरचे डाग पाहिले, मग चेहरा. "तोंड आधीपासून असंच गोल आहे हिचं?"

मडीनने मान हलवली. "नाही हो. वसंतापासून. मी... मी चिडवायचे तिला."

बाईंनी लगेच शिरेतून स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि सलाइन सुरू केलं. संध्याकाळी व्हर्नाने डोळे उघडले आणि सगळं कबूल केलं.

"शरीर स्वतः हे द्रव्य बनवतं," बाई म्हणाल्या. "महिनोन् महिने बाहेरून मिळालं की ते बनवायचं विसरतं. गोळ्या एकदम तोडल्यात, तेव्हा अंगात काहीच उरलं नाही. त्या हळूहळू कमी करत न्यायच्या असतात. विचारलं असतंत तर कुणीही सांगितलं असतं."

"विचारायला आधी सांगावं लागलं असतं," व्हर्ना म्हणाली आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

त्याच वेळी चर्चच्या सभागृहात ॲशलिन बापाबरोबर नाचत होती. दोघंही रडत होती.

गोळ्या उतरवायला आठ महिने लागले. चेहरा पूर्वीसारखा झाला, पण उजव्या मांडीच्या सांध्याचं हाड, त्या गोळ्यांमुळे रक्त न पोचल्याने, आतून मेलं होतं. सांधा बदलावा लागला आणि कारखाना कायमचा सुटला. ॲशलिन आली की पुन्हा पुन्हा म्हणते, "माझ्यामुळेच झालं." व्हर्ना सांगते, "तुझ्यामुळे नाही गं, मी लपवलं म्हणून." दोघींपैकी कुणालाच त्याने बरं वाटत नाही.

क्लेटनला मात्र तिने सॉरी म्हटलं ते दोन वर्षांनी. तो पाव कापत होता. "कशाबद्दल?" त्याने विचारलं.

"तुला शेडमध्ये बसवलं त्याबद्दल."

"शेकायला स्टोव्ह होता तिथे," क्लेटन म्हणाला आणि कापत राहिला.

ऑगस्टमध्ये दलदलीत पिवळी बेरी पिकते तेव्हा गाव बादल्या घेऊन निघतं. त्या मऊ जमिनीवर व्हर्नाचा पाय टिकत नाही. ती गाडीत बसते, काच खाली करते आणि क्लेटन कुठे वाकला, कुठे उठला ते बघत राहते.