मेहुण्यांच्या वहीतला कडता

नांदेड शहरात अशी एकही मुतारी नसेल, जिची माझ्या थोरल्या मेहुण्यांना, म्हणजे अण्णांना, खडान्‌खडा माहिती नाही. कोणती कधी कुलूपबंद असते, कोणत्या हॉटेलात चहा घेतल्याशिवाय मागच्या दाराकडे जाऊ देत नाहीत, सगळं तोंडपाठ. लग्नात ते नवरानवरीच्या आधी मांडवाचं मागचं दार शोधतात. एकदा सोयरिकीच्या बैठकीतून ऐन बोलणीत असे ताडकन उठले, की पाव्हण्यांना वाटलं नकारच आला. पाव्हण्यांची समजूत घालता घालता माझा घसा बसला. यावर अण्णांनी उपायही स्वतःच काढला होता, तो म्हणजे पाणीच प्यायचं नाही. चहा त्यांच्या लेखी पाण्यात मोडत नाही, त्यामुळे तो दिवसाला दहा कप.

अण्णा दोन वर्षं भाऊबिजेला लातूरला आमच्याकडे आले नव्हते. भावाच्या मनात काहीतरी अढी आहे, असं धरून माझी बायको झुरत होती. शेवटी तिनंही रुसून राखी पोस्टानं धाडली. यंदा दसऱ्याच्या आधी अण्णांचा मलाच फोन आला. दवाखान्यात सोबत हवी होती, पोरांना सांगायची लाज वाटत होती आणि बहिणीला तर कळूच द्यायचं नव्हतं. मी कामाचं निमित्त सांगून नांदेड गाठलं.

डॉक्टर निघाल्या तरुण बाई. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि प्रत्येक उत्तर मला दिलं. दिवसातून किती वेळा, एकदम घाई होते का, पोचेपर्यंत दम निघतो का, जळजळ, रक्त? मधल्यामध्ये मी दुभाषा. लघवी तपासली, साखर तपासली, जाऊन आल्यावर पिशवीत किती उरते तेही सोनोग्राफीत पाहिलं. कशात काही निघेना. मग बाईंनी खुणा केलेलं एक प्लॅस्टिकचं माप दिलं आणि तीन दिवस काय प्यायलं, कधी गेलात, किती झाली ते मोजून लिहून आणायला सांगितलं.

अण्णांची हयात मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून गेलेली. माप हातात येताच त्यांचा चेहरा उजळला. वही तर अशी सुबक लिहिली की बघत राहावं. पण बाईंना मेळ लागेना. पोटात जातं त्या मानानं बाहेर फारच थोडं येत होतं. त्यांनी चारदा खोदून विचारलं, तेव्हा अण्णा भिंतीला म्हणाले, "कडता कापलाय ना. ओल-माती जाऊन निव्वळ लिहिलं. जन्मभर तसंच लिहीत आलो."

मोंढ्यात पोत्यामागे ओल-कचऱ्यापायी थोडं वजन कमी धरतात, त्याला कडता म्हणतात, हे बाईंना मी समजावून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझा मुक्काम तीन दिवसांनी लांबला.

दुसऱ्या वहीवरून निदान झालं. रोग मोठा नव्हता. पिशवी भरायच्या आधीच आकसत होती. चहा कमी, पाणी बेतानं पण दिवसभर, घाई आली तरी थोडं थोडं थोपवायचा सराव, आणि गरज पडली तर गोळी. उठता उठता बाईंनी विचारलं, "काका, या त्रासापायी काय काय सोडलंत?"

अण्णांनी पहिल्यांदाच तोंड भिंतीकडून आमच्याकडे वळवलं.

"बहिणीकडं जायाचं सोडलं. परवाच्या साली भाऊबिजेलाच निघालो होतो. अहमदपूरच्या अलीकडं बस थांबली न्हाई. धोतर भिजलं. तसाच माघारी फिरलो. तसल्या धोतरानं पाटावर कसा बसू, दाजी?"

बाहेर येऊन मी बायकोला फोन लावला. कळू द्यायचं नाही, असं कबूल केलं होतं, ते मोडलं. ती ऐकत राहिली. राग नव्हता, अढी नव्हती, एवढंच तिनं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "भावानंच यायचं असतं म्हणून मी बसून राहिले. मीच का नाही गेले हो?"

खरं म्हणजे गेल्या वर्षी ती निघाली होती. करंज्यांचा डबा भरून दारापर्यंत आली होती. त्यांना गरज नाही तर तुला कशाला, असं म्हणून मीच तिला थांबवलं. तिला ते आठवत असणारच. तरी तिनं 'मीच' असंच म्हटलं.